कुत्रा गेला, सवयी राहिल्या. तुमच्याकडे काय राहिलं?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा मोती आठ महिन्यांपूर्वी गेला. साडेबारा वर्षांचा होता. शेवटी शेवटी मागचे पाय साथ देत नव्हते, बाकी सगळं वयाप्रमाणेच, त्याबद्दल आज लिहायचं नाहीये. लिहायचंय ते वेगळंच. तो गेल्यावर घरातले सगळे म्हणाले आता निदान तुझी झोप तरी पुरी होईल, कारण साडेबारा वर्षं मी सव्वापाचला उठत होते, थंडी असो पाऊस असो अंगात ताप असो. पण तसं काही झालंच नाही. सव्वापाच वाजले की डोळे उघडतात म्हणजे उघडतातच. पहिले पंधरा दिवस तशीच छताकडे बघत पडून राहायचे, रडायचे, मग एक दिवस काय वाटलं काय माहीत, उठले, पायात बूट घातले आणि आमच्या नेहमीच्या वाटेने चालायला लागले. आता रोज जाते. त्याच्याच वाटेने आणि त्याच्याच चालीने. तो जिथे जिथे थांबायचा तिथे पाय आपोआप थांबतात, एक विजेचा खांब आहे, एक पडकी भिंत आहे, आणि एक फाटक आहे जिथे त्याची वैरीण मांजर बसायची. ती अजून बसते. पट्टा मी खिशात ठेवते, खरं तेच सांगते, हाताला काहीतरी धरायला लागतं.

मोती यायच्या आधी डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटतही नव्हतं. मग हा आला, आणि साडेबारा वर्षं म्हणजे हिशोब केला तर साडेचार हजारांवर सकाळी झाल्या. माझ्या निश्चयाने त्यातल्या दहासुद्धा झाल्या नसत्या. तो दाराशी जाऊन उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा, बास, एवढंच करायचा.

माझा भाऊ म्हणतो अगं आता मोकळी झालीस, जरा कुठे फिरून ये, ही रोज तीच ती फेरी कशाला. त्याच्या मनात वाईट काही नाही. घरच्यांना वाटतं मी अजून त्याच्यातच अडकलेय. मला तसं नाही वाटत. मला वाटतं हे त्याने मला दिलंय आणि आता ते माझं झालंय, पण हे कुणाला समजावून सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या कुत्र्याने तुमच्यात असं काय घालून ठेवलंय जे तो नसला तरी राहील? जीव लावतात, वाट बघतात, हे सगळं खरंच आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. मला बारीकसारीक सांगा. वाचायला खूप आवडेल.

मनीमाऊची_मावशी

रडू आलं गं वाचून. बाकी नंतर सविस्तर लिहिते, आत्ता एवढंच की पट्टा चामड्याचा असेल तर धुऊन, पुसून, सावलीत वाळवून ठेव, खिशात राहून बुरशी धरते. आमच्या राजाचा तसाच गेला, अजून हळहळ वाटते.

दुसरीपाळी

ताई, पट्टा खिशात ठेवते हे वाचून मी जरा थांबलो, मग पुढचं वाचलं.

माझ्यात काय राहील सांगतो. माझा आवाज. मी फार मोठ्याने बोलायचो, म्हणजे चिडलेलो नसलो तरी, फोनवर, जेवताना, टीव्ही बघताना. आमच्या घरी सगळेच तसे त्यामुळे कधी कुणी काही म्हटलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे तांबू आली. दोन घरांनी परत केलेली मादी. आधी कुणीतरी मारलेलं असणार कारण घरात नुसता झाडू हातात घेतला तरी तिची जागच्या जागी शू व्हायची. पहिल्याच आठवड्यात मी कामाच्या फोनवर कुणावर तरी तडकलो, फोन ठेवला, बघतो तर ही टेबलाखाली जाऊन भिंतीला चिकटलेली, शेपूट पोटाखाली घातलेलं, आणि जीभ सारखी नाकावरून फिरवतेय. मला वाटलं भूक लागली असेल. खाणं नेऊन ठेवलं तर हुंगलंसुद्धा नाही. नंतर कळलं की असं सारखं नाक चाटणं, कारण नसताना जांभया देणं, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसेल असं बघणं, हे सगळं घाबरल्याचं लक्षण असतं. आपण आपले 'बघ कशी लाडात जांभई देते' म्हणून फोटो काढत बसतो.

आमच्या व्हेटने सांगितलं तिला ओढून बाहेर काढू नका, तिच्यासमोर वाकून उभे राहू नका, डोळ्यात बघू नका, जमिनीवर जरा बाजूला तोंड करून बसा आणि आपलं काम करत राहा. म्हणून मी संध्याकाळचे सगळे फोन जमिनीवर बसून घ्यायला लागलो. आणि जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही हो. करून बघा. आवाज चढतच नाही. एकोणिसाव्या दिवशी मी असाच कुणाशी तरी बोलत होतो आणि पायाच्या घोट्यावर काहीतरी ऊबदार टेकलं. तिची हनुवटी. मी हललो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही, समोरचा माणूस काय बोलत होता यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

हे इथे संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण वर्षभराने माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, एकदा सहज म्हणाली, बाबा तुम्ही आता रागावलात तरी भीती नाही वाटत. तिला माझी भीती वाटत होती हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. ती टेबलाखाली जात नव्हती एवढाच फरक होता.

आकडेमोड

दुसरीपाळी, तुम्ही जे लिहिलंत ना त्याला अभ्यासाचाही आधार आहे. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठात ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणी यांचे केस तपासले होते, २०१९ मध्ये हे छापून आलं. केस जसा वाढतो तसं त्यात कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, साठत जातं, म्हणजे एका क्षणाचा नाही तर गेल्या कित्येक आठवड्यांचा ताण त्यात दिसतो. तर ज्या बाईच्या केसात कॉर्टिसोल जास्त तिच्या कुत्र्याच्या केसातही जास्त असं आढळलं, उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही. अभ्यास करणाऱ्यांचं मत असं पडलं की कुत्रा माणसाचा ताण उचलतो. मी हे वाचलं त्या दिवशी माझ्या कुत्र्याच्या पाठीवरचे केस हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. माझी त्या वेळची नोकरी त्या केसांत लिहिलेली असणार.

आता माझं सांगतो. एक्कावन्नाव्या वर्षी मला हार्ट अ‍ॅटॅक आला. बरा झाल्यावर मी आकडे शोधायला लागलो कारण तोच माझा स्वभाव. एकाच वर्षी, २०१९ लाच, दोन मोठे अभ्यास आले होते. एकात दहा अभ्यास एकत्र करून सुमारे ३८ लाख लोकांची माहिती बघितली होती, त्यात कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २४ टक्क्यांनी कमी दिसला. दुसरा स्वीडनचा, हार्ट अ‍ॅटॅकनंतर एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात तो धोका ३३ टक्क्यांनी कमी. मी प्रिंट काढून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले वाचलंय मी, पण यात उलटंही असू शकतं, ज्याच्या अंगात चालायची ताकद आहे तोच कुत्रा पाळतो, त्यामुळे कुत्र्याने आयुष्य वाढलं असं यावरून छातीठोकपणे नाही म्हणता येत. आणि नुसत्या हृदयासाठी म्हणून कुत्रा आणू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१३ मध्ये हेच सांगितलं होतं, की धोका कमी करणे हाच मुख्य हेतू धरून प्राणी घरी आणू नये.

मी आणला. हृदयासाठी नाही आणला, घर फार शांत झालं होतं म्हणून आणला. आणि पहाटवारा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला सकाळी पहिला विचार स्वतःच्या छातीचा यायचा, उठल्या उठल्या नाडी बघायचो, ते बंद झालं. आता पहिला विचार येतो याने रात्री पाणी प्यायलं का. माझं लक्ष माझ्यावरून निघून गेलं याचा मला किती आराम झाला ते कुठल्या तक्त्यात बसवू कळत नाही.

एक_पालक

किती छान धागा काढलात. मला लिहावं की नको असं झालं होतं कारण यात माझ्या मुलाची गोष्ट आहे, पण त्याला विचारलं, तो लिही म्हणाला.

मुलगा अडखळतो बोलताना. चार वर्षांचा असल्यापासून. प, ब, म वर जास्त. वर्गात वाचायची पाळी आली की पोटात दुखायचं, खरोखर दुखायचं, नाटक नव्हतं. स्पीच थेरपिस्टने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. आम्ही हो हो म्हणायचो आणि घरी येऊन त्याचा शब्द पूर्ण करायचो, मी, त्याची आई, आजी, सगळे. जीव तुटायचा हो आमचा, त्याला त्रास होतोय बघवायचं नाही, म्हणून पटकन शब्द पुरवायचो, आणि तो गप्प व्हायचा.

मग घरी ढगू आला. काळा, लांब कानांचा. एक दिवस दुपारी मी दाराबाहेरून ऐकलं, मुलगा त्याला धडा वाचून दाखवत होता. 'प' वर अडकला. प, प, प. मी सवयीने आत जाऊन शब्द सांगणारच होतो. ढगू त्याच्यासमोर पुढचे पाय पसरून बसला होता आणि मान एका बाजूला करून त्याच्या तोंडाकडे बघत होता. काही घाई नाही. चेहऱ्यावर काळजी नाही की कीव नाही. पाच सहा सेकंद गेले असतील, मला पाच मिनिटं वाटली, आणि मग 'पर्वत' बाहेर पडला आणि ढगूने शेपूट आपटलं जमिनीवर. बहुतेक त्याचं ते असंच असेल, शब्दाशी काही संबंध नसेल. पण मुलगा पुढचं वाक्य वाचायला लागला.

मी दाराबाहेरच उभा राहिलो आणि त्या दिवशी मला थांबायचं म्हणजे काय करायचं ते समजलं. थेरपिस्ट वर्षभर सांगत होती ते.

पुढे थेरपिस्टनेच सांगितलं की हे काही नवीन नाही. बोरिस लेव्हिन्सन नावाचे अमेरिकन बाल-मानसतज्ज्ञ होते, त्यांच्याकडे एक मूल यायचं जे कुणाशी धड बोलत नव्हतं. एकदा ते लोक वेळेच्या आधी आले आणि नेमका लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत होता. कुत्रा मुलाजवळ गेला, मूल घाबरलं नाही, त्याच्या अंगाशी गेलं, आणि तिथून हळूहळू सुरुवात झाली. १९६२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला सह-उपचारक म्हटलं. तेव्हा बरेच जण हसले म्हणे. आज शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये मुलं कुत्र्यांना वाचून दाखवतात असे उपक्रम कितीतरी देशांत आहेत.

मुलाचं अडखळणं गेलेलं नाही, कुणी असं समजू नये. अजून अडखळतो. पण आता हात वर करतो वर्गात. आणि माझ्यात काय राहिलं तर थांबणं. माझ्या म्हाताऱ्या वडिलांना आता शब्द सापडत नाहीत पटकन, मी त्यांच्याकडे बघत बसून राहतो, ते शोधतात, त्यांना सापडतो.

शाईचा_डाग

माझं उत्तर एका शब्दात सांगायचं तर थांबे. मी आधी कुत्र्याला घेऊन चालायला जायचे म्हणजे अक्षरशः चालायला जायचे, कानात इयरफोन, तो थांबला की पट्टा ओढायचा चल चल चल. मग पाय मुरगळला आणि दीड महिना मला त्याच्या वेगाने जावं लागलं. तो हुंगत असताना मला दुसरं काही कामच नव्हतं, मग मी बघायला लागले की हा हुंगतो तरी काय. धुळीत नाक लावलं ना की नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक धूळ उडते, कधी बघितलंय का? कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते, श्वास समोरून आत घेतो आणि त्या चिरेतून बाजूने मागे सोडतो, त्यामुळे सोडलेल्या हवेने पुढचा वास विस्कटत नाही. हे मला नंतर वाचून कळलं, पण धूळ मी आधी बघितली होती, त्याचा आनंद वेगळाच.

तेव्हापासून पिशवीत एक छोटी वही ठेवायला लागले. तो थांबतो तिथे मी पण थांबते आणि समोर जे असेल ते काढते. झाडाची साल, गंजलेलं नळाचं झाकण, मुंग्यांची रांग, पावसाने वाकलेलं गवत. सोळा वह्या झाल्यात. चित्रकार वगैरे नाही मी, शाळेत चित्रकलेत जेमतेम पास व्हायचे. पण डोळे उघडले ते त्याच्यामुळे, आणि ते आता मिटायचे नाहीत.

वेल्क्रोची गोष्ट कित्येकांना माहीत असेल. जॉर्ज द मेस्त्राल नावाचे स्विस इंजिनिअर १९४१ मध्ये आपल्या कुत्र्याला घेऊन डोंगरात गेले होते, परत आल्यावर कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या पँटला काटेरी बोंडं चिकटलेली. आपण काय करतो, वैतागून उपटून टाकतो. त्यांनी ते बोंड मायक्रोस्कोपखाली ठेवलं, तर टोकाला बारीक आकडे दिसले. त्यापासून वेल्क्रो व्हायला आणि पेटंट मिळायला १९५५ उजाडलं, म्हणजे वर्षानुवर्षं लागली. मला यातलं शोधापेक्षा तेच आवडतं की कुत्र्याच्या अंगावरचं बोंड एका माणसाने नीट बघितलं.

रानवाट

पहाटवारा, एक विचारू का, रागावणार नसाल तर. वाटेवरची रोजची माणसं असतील ना, कुत्री घेऊन येणारी. ती विचारतात का मोतीबद्दल? आमचा गेल्यावर मी ती वाटच सोडली, लोकांनी विचारू नये म्हणून. आता वाटतं चुकलं माझं.

परत_दिलेला

हे लिहायला मला दोन दिवस लागले. नाव नवीन घेतलंय, जुन्या नावाने लिहायचं धाडस झालं नाही.

दुसरीपाळी, तुम्ही लिहिलंत की तांबूला दोन घरांनी परत केलं होतं. तुमची तांबू नाही पण दुसऱ्या एकीला परत करणाऱ्यांपैकी मी एक आहे. सहा वर्षं झाली. कुणाच्या तरी घरी बघून हौस वाटली, निवाऱ्यातून एक वर्षाची मादी आणली. मी एकटा राहायचो, दिवसाचे नऊ-दहा तास बाहेर. ती दार कुरतडायची, गादी फाडायची, शेजारी सांगायचे दिवसभर रडते. मला वाटायचं ही मुद्दाम करते, माझ्यावर राग काढते. एकटं राहायच्या भीतीने कुत्री असं करतात, त्यावर हळूहळू सवय लावायची पद्धत असते, आधी दोन मिनिटं मग पाच मग दहा असं, हे मला माहीत नव्हतं, आणि मी माहिती करूनही घेतलं नाही. पाच महिन्यांनी परत नेऊन सोडली. ती गाडीतून आनंदाने उतरली, तिला वाटलं फिरायला आणलंय. मी फॉर्मवर सही करत होतो तेव्हा ती माझ्या बुटावर बसली होती. कुत्री ज्याला आपलं मानतात त्याच्या पायावर बसतात म्हणे.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. तिने माझ्यात जे घालून ठेवलं ते अजून जात नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं. आता दर रविवारी निवाऱ्यात जातो, तीन वर्षं होतील. तिथल्या कुत्र्यांना फिरवतो, नवीन न्यायला आलेल्या माणसांशी बोलतो. त्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो की दिवसातले किती तास घरी कुणी नसतं. पुढची दहा-पंधरा वर्षं सांगता येतील का. काही जण रागावून निघून जातात. काही जण परत येतात, महिन्या-दोन महिन्यांनी, तयारी करून. ती स्वतः तेव्हाच एका कुटुंबात गेली, मोठं घर, दोन मुलं, घरात कायम कुणीतरी असतं, एवढं मला सांगितलं गेलं. तिचा फोटो मागितला नाही. मागायचा मला अधिकार नाही असं वाटलं.

इथलं वाचून कुणी उद्या कुत्रा आणायला निघालं असेल तर त्यांच्यासाठी लिहिलं.

दुसरीपाळी

परत_दिलेला, बरं केलंत लिहिलंत ते. जुन्या नावानेही लिहिलंत तरी चालेल इथे. तांबूला आणायला गेलो तेव्हा तिथे असाच एक माणूस होता ज्याने मला हेच प्रश्न विचारले होते, मला तेव्हा राग आला होता. त्याच्यामुळेच मी आधी रात्रपाळी बदलून घेतली आणि मग तिला घरी आणली. तुमच्यासारख्यांमुळे आमच्याकडची तिसऱ्यांदा परत गेली नाही.

निळीछत्री

सगळ्यांनी वर्षांचं लिहिलंय. माझ्याकडे फक्त तेवीस दिवसांचं आहे.

पिल्लू होतं, तीन-साडेतीन महिन्यांचं असेल. पावसात गटाराच्या कडेला सापडलं. डोळ्यांत नाकात चिकट पिवळं, खोकत होतं. व्हेट म्हणाल्या डिस्टेंपर दिसतोय, म्हणजे कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, लस झालेली नसणार, आशा फार ठेवू नका, पण करायचंच असेल तर असं असं करा. सलाईन, औषधं, दर दोन तासांनी कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे नाक पुसायचं, ऊब द्यायची, सिरिंजने थेंब थेंब पाणी द्यायचं. मी तोवर कुणाच्या आजारपणात कधी जवळ बसलेली नव्हते. वासाने मला मळमळायचं, रक्त बघितलं की चक्कर. पण रात्री दोनला उठून कापूस घ्यायचे तेव्हा ते मान उचलून तोंड पुढे करायचं, कारण पुसलं की त्याला बरं वाटायचं. मग कसली मळमळ. अठराव्या दिवसापासून फिट्स यायला लागल्या, जबडा आपोआप हलायचा, काही चावत असल्यासारखा. तेविसाव्या दिवशी पहाटे गेलं. नावही ठेवलं नव्हतं, बरं झाल्यावर ठेवू म्हटलं होतं.

लोक म्हणाले कशाला एवढं केलंस, जगणार नव्हतंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी माझी आई अंथरुणाला खिळली आणि सात महिने मी तिचं सगळं केलं. कूस बदलणं, पुसणं, ओठ ओले करणं. बहीण विचारायची तुला हे कधी जमायला लागलं, तू तर इंजेक्शन बघून पळायचीस. माझे हात घाबरलेच नाहीत गं. ते शिकून बसले होते.

यानंतर कधीतरी मी जर्मनीतल्या एका पिल्लाबद्दल वाचलं. बॉनजवळ ओबरकासेल म्हणून जागा आहे, तिथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करताना जुनं दफन सापडलं, एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्यासोबत कुत्रा. साधारण १४,००० वर्षांपूर्वीचं. २०१८ मध्ये त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले, एका पशुवैद्यानेच, तर कळलं ते सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि दातांवरच्या खुणांवरून त्याला बहुतेक डिस्टेंपर झाला होता. पाच महिन्यांचं असताना आजारी पडलं आणि पुन्हा पुन्हा पडलं, आणि तरी काही आठवडे जगलं. कुणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ केल्याशिवाय ते जगणं शक्य नव्हतं असं त्यांचं म्हणणं. ते पिल्लू शिकारीला उपयोगी नव्हतं, राखणीला उपयोगी नव्हतं. तेव्हा ना औषध, ना सलाईन. तरी कुणीतरी रात्री उठून त्याचं नाक पुसत होतं. मी ते वाचलं आणि मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं की मी जे केलं ते वेडेपणाचं नव्हतं, ते फार जुनं आहे.

पहाटवारा

सगळ्यांचं वाचलं, काहींचं तीन तीनदा. निळीछत्री, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. परत_दिलेला, तुम्ही दर रविवारी जाता ते वाचून बरं वाटलं, जात राहा. एक_पालक, मुलाला माझा नमस्कार सांगा, त्याने लिही म्हटलं म्हणून आम्हाला ढगू कळला.

रानवाट, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं होतं, आणि ते आजच सकाळी मिळालं. वळणावर एक काका भेटतात, सत्तरीचे असतील, त्यांची लाली म्हणून तपकिरी कुत्री आहे. बारा वर्षं रोज भेटतोय. मी त्यांना लालीचे बाबा म्हणते, ते मला मोतीची आई म्हणायचे. मोती गेल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसती मान हलवायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं विसरले.

आज लाली माझ्यापाशी आली आणि माझ्या जाकिटाच्या खिशाला तिने नाक लावलं, ज्यात पट्टा असतो त्याच खिशाला. शेपूट हलवणं नाही, उड्या नाहीत, नुसती नाक लावून उभी. शाईचा_डाग, मला तुमची धूळ आठवली, नाकाच्या बाजूची ती चीर उघडत मिटत होती, मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितली. काकांनी तिला ओढलं नाही. आम्ही दोघंही तसेच उभे राहिलो, एक मिनिट झालं असेल, जास्तच झालं असेल. मग ते म्हणाले, तिला अजून येतोय.

मी हो म्हटलं. तर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, बाळ, तुझं नाव काय गं? इतकी वर्षं कधी विचारलंच नाही मी.

मी सांगितलं. त्यांनीही त्यांचं सांगितलं. उद्या ते पाच मिनिटं लवकर निघणार आहेत, म्हणजे फाटकापर्यंत बरोबर जाता येईल.

मावशी, पट्टा चामड्याचाच आहे. पण धुवायचं तेवढं आत्ता नको.